पासष्टावा बोल्ट

खुशालकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघतात. चारही पाय जमिनीला टेकले तर बसतात. एखादा पाय अधांतरी असला तर खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढतात, दोनदा दुमडतात, त्या पायाखाली सरकवतात आणि मगच पाण्याचा ग्लास हातात घेतात. कुडव्यातल्या आमच्या गल्लीत त्यामुळे आता एकही खुर्ची डगमगत नाही. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला त्यांनी स्टेजवर पाणसाळ ठेवून पाहिली होती. काचेतला बुडबुडा एका बाजूला पळाला, तेव्हा ते होणाऱ्या नवरदेवाच्या कानाशी जाऊन म्हणाले, "जरा मधात सरका बापू, तुमच्याकडून उतार हाये."

ते फिटर आहेत. गोंदियाच्या आयटीआयमधून शिकले आणि गेली सतरा वर्षं एकाच कारखान्यात आहेत. राइस मिलला लागणारी, आपोआप पोती भरणारी यंत्रं तिथे तयार होतात, आणि त्यांचे सुटे भाग एकमेकांत बसवून यंत्र उभं करायचं काम काकांचं. आपोआप हा शब्द मात्र त्यांना आवडत नाही. "आपोआप काई होत नसते," ते म्हणतात. "पयले कोणीतरी खाली झोपून बोल्ट आवळते, मंग आपोआप होते."

झोपून काम करताना दोन्ही हात यंत्राच्या पोटात असतात, म्हणून बोल्ट तोंडात. तोंड हा फिटरचा तिसरा हात. काका चार बोल्ट ओठांत धरून कामही करतात आणि बोलतातही, आणि कारखान्यातल्यांना ते सगळं समजतं. घरी जेवताना कधी गाजराचा तुकडाही ते तसाच ओठांत धरून विचार करत बसतात.

पण याच तोंडावर अल्काकाकूंचा पहारा आहे. काका पूर्वी खर्रा खायचे. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला, प्लास्टिकच्या पन्नीत बांधून मिळणारा तो खर्रा आमच्याकडे लोक चहासारखा विचारतात. तीन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांनी काकांना स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. काकू अंगणवाडी सेविका आहेत. गावातल्या लेकरांचं वजन करता करता नवऱ्याचं तोंड मोजायचं राहून गेलं, याचा त्यांना भयंकर राग आला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला त्या मोबाइलची बॅटरी लावतात आणि म्हणतात, "आ करा." काका ओसरीवर आ करतात. गल्लीतली दोनचार पोरंही हौसेनं शेजारी येऊन आ करून उभी राहतात. काकू सगळ्यांची तोंडं तपासतात.

"एक दिवस जरी खर्रा सापडला," काकूंनी सांगून ठेवलंय, "तर मी माहेरी जाईन. आन् मंग न्यायले येऊ नका."

काकूंचं माहेर नवेगाव बांधला. आणि काकांच्या आयुष्यातलं एकमेव खरं दुःखही तिथेच आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासुरवाडीचा टेबलफॅन कुरकुरत होता. नवा जावई, त्यात आयटीआय पास. त्यांनी पंखा सगळा खोलला, पुसला, तेल दिलं, परत जोडला. कुरकुर गेली. वारा झकास यायला लागला. आणि काकांच्या तळहातावर तीन स्क्रू उरले.

"कंपनीवाले जास्तीचेच टाकतेत," काका सासऱ्यांना म्हणाले.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा पंख्याची पुढची जाळी सुटली, घरंगळत पंगतीच्या मधोमध आली, दोन गिरक्या घेतल्या आणि बांधातल्या, म्हणजे गावच्या तलावातल्या, मासोळीच्या रश्शात आडवी झाली. काकूंचा धाकटा भाऊ राजदीप शेजारीच होता. तो शाळेच्या फोटोसाठी नवा पांढरा शर्ट घालून बसला होता आणि फोटोवाला दारात उभा होता. त्याच्या दहावीच्या हॉल तिकिटावर अजूनही छातीवर रश्शाचा ओघळ आहे.

तेव्हापासून चौदा वर्षं काका नवेगावात पाऊल ठेवतात आणि कुणी ना कुणी विचारतंच, "जवाईबापू, कितीक उरले?" बसस्टॉपवरचा पानवाला विचारतो. पोस्टमन विचारतो. सासरे वारले तेव्हा सांत्वनाला आलेल्या एका म्हाताऱ्यानं रडता रडता मध्येच थांबून विचारलं होतं.

त्या तीन स्क्रूंनी काकांना फिटर केलं, असं मला वाटतं. त्यानंतर त्यांच्या हातून कधी काही उरलं नाही. काम सुरू करण्याआधी ते प्रत्येक बोल्ट मोजून परातीत ठेवतात, आणि परात रिकामी झाली की ती पालथी करून तिच्यावर थाप मारतात. तो आवाज ऐकल्याशिवाय त्यांच्या कारखान्यातून यंत्र बाहेर जात नाही.

गेल्या जानेवारीत नवेगाव बांधच्याच एका राइस मिलनं असं यंत्र मागवलं. मिलचे मालक ओमेश्वरभाऊ. आणि मिलमध्ये कामाला राजदीप, जो आता तिशीला आलाय आणि हे यंत्र चालवायला शिकणार होता. मिलचा दरवाजा अरुंद. यंत्र उभं जोडून नेलं तर आत जाईना, म्हणून सुटे भाग नेऊन तिथेच जोडायचं ठरलं. जाणार कोण? ज्याची राहायची सोय तिथे आहे, तो.

"पाच दिवस सासुरवाडीत?" काका काकूंना म्हणाले. "आन् ते बी साऱ्या गावासमोर?"

"तर काय झालं?"

"या डाव एकही उरू देणार नाई, अल्का. एक वाशर बी नाई. राजदीपच्या तोंडावर परात वाजवीन."

"वाजवा. पन तिथं पानठेल्याकडं फिरकू नका."

काका गेले. पहिले चार दिवस काय झालं ते मला नंतर तिघांकडून तीन तऱ्हांनी कळलं, पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत होतं. काका त्या चार दिवसांत फार जेवले.

सासूबाई कुसुमबाई, काका तिला मामी म्हणतात. लहानशी, वाळलेल्या शेंगेसारखी बाई. पंख्यावरून जावयाला आजवर न चिडवलेली घरातली ती एकटीच. पण वाढायला बसली की तिला आवरणं कुणाला जमलेलं नाही. काका ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, तर ती पळी घेऊन शांतपणे वाट पाहायची. माणसाला कधीतरी नाक खाजवावंच लागतं. काकांचा एक हात उचलला की भात पडलाच.

"मामी, पोट भरलं."

"ते पयलेच्या भातानं भरलं. हा दुसरा हाये."

"मामी, मले यंत्राच्या खाली शिरावं लागते. पोट अडकते."

"मंग यंत्र वर उचलाले सांगा न, बापू. एवढे चार मानसं हायेत मिलात."

तिसऱ्या दिवशी काका खरोखरच यंत्राच्या सरकत्या पट्ट्याखाली अडकले. राजदीपनं आणि एका हमालानं पाय धरून ओढून काढलं. "भाऊजी," राजदीप म्हणाला, "बोल्ट नाई उरला, तुमीच उरून राहिले."

काकांचं सारं लक्ष चौसष्ट या आकड्यावर होतं. यंत्राचा सांगाडा, पोतं धरणारे जबडे आणि पट्टा मिळून आठ एमएमचे चौसष्ट बोल्ट. त्यांची परात कारखान्यातच राहिली होती, म्हणून त्यांनी सासूबाईंची कणीक मळायची मोठी परात मागून घेतली. रोज सकाळी अंगणात बसून ते त्या परातीत बोल्ट मोजत. दहा बोल्टांची एक जादा पुडी होती, पुढेमागे एखादा तुटला तर बदलायला. ती त्यांनी सासूबाईंकडे तांदळाच्या कोठीत ठेवायला दिली. "कोनाच्या हाती देऊ नका, मामी. राजदीपच्या तर अजिबात नाई."

पाचव्या दिवशी काकू निघाल्या आणि मलाही माझ्या मोटरसायकलसकट सोबत घेऊन गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात शेवटची मोजणी चालली होती. कालपर्यंत लावलेले बावन्न, आज लावायचे बारा.

"चौसष्ट," काका आनंदानं म्हणाले. "एकही कमी नाई, एकही जास्त नाई."

कुसुमबाई दारात उभी होती. तिनं परातीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि आत गेली.

दुपारी चारला चाचणी होती. सलग पन्नास पोती, प्रत्येकी पंचवीस किलो, यंत्र न थांबता. मिलसमोर मांडव नव्हता, पण मांडवाला पुरतील इतकी माणसं होती. ओमेश्वरभाऊंनी माइक आणला होता, हार आणला होता, यंत्रापुढे पूजेचं ताट मांडलं होतं. बांधाकडून थंड वारा येत होता आणि मिलच्या अंगणात तांदळाची बारीक पांढरी धूळ उन्हात तरंगत होती. पानवाला दुकान बंद करून आला होता. पोस्टमनही आला होता.

चारला दहा मिनिटं असताना आत काका पट्ट्याखाली पडून शेवटचे बोल्ट लावत होते. शेवटचं भोक भरलं. ते आवळून ते बाहेर सरकले, उठले, परात दोन्ही हातांनी उचलली. पालथी करणार तोच त्यांचं आत लक्ष गेलं.

परातीत एक बोल्ट होता.

त्या क्षणाबद्दल काका फारसं बोलत नाहीत. एवढंच म्हणतात की कानात वारा भरल्यासारखं झालं. यंत्रातलं एखादं भोक रिकामं राहिलं असणार. चौसष्टातलं कुठलं? आणि तेवढ्यात दाराशी राजदीपचा आवाज आला.

"झालं का, भाऊजी? परात वाजवा न!"

दोन्ही हातांत परात. काकांनी मान खाली घातली आणि बोल्ट उचलला, तिसऱ्या हातानं. ओठ मिटले. बोल्ट गालात सरकला. मग परात पालथी करून त्यांनी तिच्यावर थाप मारली. ती थाप, राजदीप नंतर म्हणाला, जरा ढिलीच होती.

त्यांचा बेत साधा होता. मोरीकडे जायचं, बोल्ट थुंकायचा, दार लावून यंत्र एकदा तपासायचं. पण राजदीपनं दंड धरला आणि त्यांना बाहेर आणलं. ओमेश्वरभाऊंनी हार घातला. पानवाल्यानं हात मिळवला. आणि समोर पहिल्याच खुर्चीवर अल्काकाकू बसल्या होत्या.

काकूंनी आधी नवऱ्याचा हार पाहिला, मग चेहरा पाहिला, मग उजवा गाल पाहिला.

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. फक्त स्वतःचं तोंड थोडं उघडून दाखवलं. घरच्या ओसरीवरची खूण. काकांनी मान हलवली. काकूंनी पुन्हा उघडून दाखवलं. काकांनी पुन्हा मान हलवली, जोरात, आणि त्या झटक्यानं गालातला उंचवटा या बाजूचा त्या बाजूला गेला.

"खर्रा!" काकू माझ्या कानात म्हणाल्या. मग उठून सरळ नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "काय हाये तोंडात?"

"म्म."

"मी विचारून राहिली, काय हाये?"

"म्म्म्."

"चार दिवस. फक्त चार दिवस नजरेआड होते तुमी!"

"काय झालं, ताई?" राजदीप मध्ये आला.

"तुह्या भाऊजीले विचार. खर्रा खाऊन आले कार्यक्रमाले."

"खरं का भाऊजी?" राजदीपचा चेहरा उजळला. "एकट्यानंच? आमाले नाई विचारलं?"

काका दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. तोंड उघडलं तर बोल्ट दिसणार, आणि चौदा वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. नाही उघडलं तर बायकोच्या लेखी खर्रा.

"मी माहेरी राहते," काकू म्हणाल्या. एरवी ही धमकी द्यायला त्यांना बस पकडावी लागली असती, पण आज सगळं सोयीचं होतं. त्या मोटरसायकलपाशी गेल्या, हँडलला अडकवलेली आपली पिशवी काढली आणि ती आईच्या मांडीवर नेऊन ठेवली. "माय, मी आता इथंच."

"राह्य न," कुसुमबाई म्हणाली. "भात हाये."

तोवर ओमेश्वरभाऊंनी माइक हातात घेतला होता. "भाइयों और बहनों, आज आपल्या मिलसाठी बडी खुशी की बात आहे. हमारे गाव के जवाई, खुशालभाऊ, दो शब्द बोलतील."

माइक काकांच्या तोंडासमोर आला. काकांनी हात जोडले. सगळे थांबले. काकांनी पुन्हा हात जोडले. मग यंत्राकडे हात केला, मग आभाळाकडे, मग छातीवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण बोल्टचं टोक हिरडीत रुतत होतं.

"भावुक हो गए," ओमेश्वरभाऊ हळूच म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमननं डोळे पुसले.

"चलो राजदीप, बटन दाबो."

लोक आपापल्या खुर्च्या उचलून आत यंत्रापुढे येऊन बसले. पहिलं रिकामं पोतं राजदीपच्या हातात होतं. त्यानं ते यंत्राच्या जबड्यांत धरलं आणि दुसरा हात हिरव्या बटणाकडे नेला. वर तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा, खाली हवेच्या दाबानं मिटणारे ते दोन लोखंडी जबडे, मध्ये राजदीपची बोटं. आणि ते जबडे चौसष्टांपैकी सोळा बोल्टांवर उभे.

"थांब!"

शब्दाच्या आधी बोल्ट निघाला. तो राजदीपच्या कानाजवळून गेला, पत्र्याच्या डब्यावर टण्णकन आदळला, उलटला आणि ओमेश्वरभाऊंच्या पूजेच्या ताटात, नारळाला टेकून पडला.

मागच्या पाखडणीच्या यंत्रात कोंडा सांडत राहिला.

सर्वांत आधी हलल्या त्या काकू. त्यांनी ताटातून बोल्ट उचलला, पदरानं पुसला, नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी तो कधी विसरणार नाही. त्यांनी ओमेश्वरभाऊंच्या हातातून माइकच घेतला.

"खर्रा नाई!" त्या साऱ्या नवेगाव बांधला म्हणाल्या. "बोल्ट हाये! नुसता बोल्ट हाये!"

काकांनी डोळे मिटले.

"बोल्ट?" पानवाला मागून म्हणाला. "म्हंजे उरला का?"

आणि मग ते हसू आलं. ते पुढच्या रांगेतून मागे गेलं, मागून पुन्हा पुढे आलं. राजदीपला तर हसून यंत्राला धरून उभं राहावं लागलं. "एक उरला! भाऊजी, पंख्यात तीन होते, सुधारले तुमी!"

काका सगळं ऐकून घेत होते. हार अजून गळ्यात होता. मग त्यांनी तो काढला, खुर्चीवर ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बटनाले हात लावू नका. हा कुठचा हाये, ते सापडल्याबिगर यंत्र चालनार नाई."

"अरे खुशालभाऊ, एक बोल्ट से क्या होता है," ओमेश्वरभाऊ म्हणाले.

"एका बोल्टानं राजदीपचं बोट जाते, भाऊ. हसून राहिला तो, हसू द्या. पन बोट त्याचंच हाये."

राजदीपनं हसता हसता हळूच हात मागे घेतला.

काका पट्ट्याखाली शिरले. काकूंनी मोबाइलची बॅटरी धरली. रोजची सवय असल्यामुळे त्यांचा प्रकाश नेमका पडत होता. काका एकेका बोल्टवर पाना लावून मोजू लागले. "एक. दोन. तीन." दहापर्यंत लोक कुजबुजत होते. वीसनंतर पुढच्या रांगेतली पोरं मोठ्यानं मोजू लागली. चाळीसला सगळी मिल मोजत होती. जबड्यांचे सोळा आले तेव्हा राजदीप वाकून स्वतः बघत होता. "एकसष्ट! बासष्ट! त्रेसष्ट!"

"चौसष्ट," खालून काकांचा आवाज आला. पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "भरले सारे."

"मंग हा कुठला?" काकूंनी बोल्ट वर धरला.

काका धुळीनं पांढरे होऊन बाहेर आले. त्यांनी बोल्ट घेतला, उलटसुलट पाहिला. "आपलाच हाये. पुडीतला." आणि त्यांनी राजदीपकडे पाहिलं. काकूंनी राजदीपकडे पाहिलं. सगळ्या गावानं राजदीपकडे पाहिलं.

"मी नाई!" राजदीप म्हणाला. "पुडी कुठं हाये तेच मले मालूम नाई!"

"चौदा वर्षं तूच चिडवून राहिला," काकू म्हणाल्या.

"चिडवतो, ताई. पन यंत्रात कायले टाकीन? मलेच चालवा लागते न ते!"

ते पटण्यासारखं होतं. तेवढ्यात खुर्चीवरून, मांडीवरची पिशवी सांभाळत, कुसुमबाई म्हणाली, "मीनंच टाकला."

"मामी?"

"दुपारी डब्बा घेऊन आली तवा. तुमी खाली झोपून होते. पुडीतला एक काढून आनला आन् परातीत टाकला."

"पन काऊन, मामी?"

कुसुमबाईला या प्रश्नाचंच नवल वाटलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणीतरी शहाणं माणूस आपल्या बाजूनं बोलेल म्हणून.

"सकाळी तुमीच म्हनले, एकही जास्त नाई," ती म्हणाली. "चौसष्ट पाहिजेत आन् चौसष्टच हायेत. माह्या परातीत! जवायाच्या पुढ्यात कोनी असं मोजून ठेवते का, बापू? एखादा कमी पडला असता तर? तुमी तर मागाले लाजता. जेवताना बी लाजता."

कुणी हसलं नाही लगेच. म्हणजे, हसू येत होतं, पण पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या होत्या. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. परातीत मोजून ठेवणं खरंच बरं दिसत नाही.

काका उभे होते, बोल्ट हातात घेऊन. ओमेश्वरभाऊंनी माइक पुढे केला. "अब तो मुँह खाली आहे. दो शब्द."

काकांनी माइक घेतला. खरखर झाली. "यंत्राचे चौसष्ट," ते म्हणाले. "ते सारे लागले. पासष्टावा मामीचा." आणि त्यांनी माइक परत दिला.

मग चाचणी झाली. राजदीपनं पोतं धरलं, यावेळी बोटं नीट बाहेर ठेवून, आणि बटण दाबलं. जबडे मिटले, तांदूळ पडला, काट्यावर पंचवीसचा आकडा आला आणि धार अशी थांबली जशी कुणी सुरीनं कापली. पोतं उघड्या तोंडानं पट्ट्यावरून हळूहळू शिवणीकडे निघालं.

कुसुमबाई बाजूलाच येऊन उभी राहिली होती. आकडा तिला कळत नव्हता, पण धार तुटलेली तिनं पाहिली. "बापा," ती म्हणाली, "इतकंच?" आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं शेजारच्या ढिगातून भरली ओंजळ उचलली आणि पुढे सरकणाऱ्या पोत्यात टाकली.

"अम्मा!" ओमेश्वरभाऊ ओरडले.

पोतं शिवलं गेलं आणि दुसऱ्या काट्यावर आलं. हा काटा पोतं बंद झाल्यावर पुन्हा एकदा तोलतो. लाल दिवा लागला. बाजूनं एक लोखंडी हात निघाला, सावकाश, उगाच घाई न करता, आणि त्यानं ते पोतं पट्ट्यावरून ढकलून खाली उतरवलं. हात परत गेला. दिवा हिरवा झाला. मागचं पोतं काही झालंच नाही अशा थाटात पुढे गेलं.

"भाऊजी," राजदीप म्हणाला. त्यानं पोत्याकडे पाहिलं, मग त्या लोखंडी हाताकडे. "एक ओंजळ बी कळली याले?"

"पन्नास ग्राम बी कळते," काका म्हणाले.

राजदीपनं पालथी परात उचलली आणि तिच्यावर अशी थाप मारली की मिलच्या छपरावरची कबुतरं उडाली. "पास!" तो गावाकडे वळून म्हणाला. "हसू नका बे आता कोनी. आमच्या भाऊजीचं यंत्र पास हाये."

बाकीची एकोणपन्नास पोती एकामागून एक गेली. काकूंनी आईच्या मांडीवरून पिशवी उचलून परत हँडलला लावली. पानवाला काही विचारायला तोंड उघडत होता. राजदीपनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं ते मिटलं.

पट्ट्यावरून उतरवलेलं ते जास्तीच्या वजनाचं पोतं मात्र नेमकं कुसुमबाईच्या पायाशी येऊन उभं राहिलं होतं. तिनं त्याच्यावर हात ठेवला.

"मले देल्लं," ती म्हणाली. "बाकीच्याईले नाई देल्लं. जवायाचं यंत्र हाये, मानूस ओळखते."

ओमेश्वरभाऊंनी तोंड उघडलं. मग काकांकडे पाहिलं, आणि राजदीपला सांगितलं की पोतं म्हातारीच्या घरी टाकून ये.